न दुखणारं दुखणं

‘मला बीपी आहे’ असं आपण सहज बोलून जातो. खरं तर जिवंत माणसाला रक्तदाब असायलाच हवा. आपल्याला म्हणायचं असतं, की तो वाढलेला आहे. पण हा ‘वाढलेला’ शब्द बोलता बोलता गळून गेला, इतका हा आजार घरोघरी पोचला. तरीही तो वेळीच औषध देऊन आवरायला हवा, हे पुराव्यानिशी सिद्ध होऊन अवघी साठेक वर्षं झाली आहेत.

त्याआधी काय होत होतं? अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं उदाहरण पाहू. मार्च १९४४ मध्ये डॉ. हॉवर्ड ब्रून या हृदयरोगतज्ज्ञांनी त्यांना तपासलं, तेव्हा रक्तदाब होता १८६/१०८. महायुद्ध चालवणारा हा माणूस. त्याच्यासाठी काय कमी होतं? पण डॉक्टरांच्या हाती होतं ते एवढंच : हृदयासाठी डिजिटॅलिस, झोपेची गोळी, मीठ कमी, सिगारेटी कमी आणि विश्रांती. १२ एप्रिल १९४५ रोजी दुपारी रूझवेल्ट यांना डोकेदुखीची तीव्र कळ आली आणि ते कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्या वेळी मोजलेला दाब ३०० वर होता. काही तासांतच ते गेले. वय होतं ६३.

रक्तदाब मोजता येत नव्हता असं मुळीच नाही. दंडाला बांधायचा पट्टा इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये आणला. नळीतून ऐकू येणाऱ्या ठोक्यांवरून वरचा आणि खालचा आकडा कसा ओळखायचा, हे रशियाच्या कोरोतकोव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितलं. त्याच्याही आधी, १८७० च्या दशकात, लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या फ्रेडरिक अकबर महोमेद या तरुण डॉक्टरने नाडीचा आलेख काढणारं यंत्र सुधारून एक मोठी गोष्ट दाखवून दिली होती. मूत्रपिंडं धडधाकट असलेल्या माणसाचाही रक्तदाब वाढलेला असू शकतो! या महोमेदचे आजोबा मूळचे पाटण्याचे. तिथून आयर्लंडला आणि मग ब्रायटनला जाऊन त्यांनी इंग्रजांना चंपीची चटक लावली. ‘शॅम्पू’ हा शब्द तिथे रुळवण्यात त्यांचा मोठा वाटा. नातू मात्र वयाच्या पस्तिशीतच विषमज्वराने गेला.

म्हणजे आकडा कळत होता, पण त्याचं करायचं काय, हे ठरत नव्हतं. कित्येक नामांकित डॉक्टरांची समजूत अशी, की वयाबरोबर रक्तवाहिन्या कडक होतात, तेव्हा त्यांतून रक्त ढकलायला जास्त दाब लागणारच. तो उतरवायला गेलात तर मेंदूला रक्त पुरणार नाही. या आजाराच्या इंग्रजी नावातला ‘इसेन्शियल’, म्हणजे आवश्यक, हा शब्दही त्या समजुतीला पोषकच ठरला. ज्यांनी उपचार करून पाहिले, त्यांचे मार्गही जालीम होते. पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंवर शस्त्रक्रिया करत. अमेरिकेत डॉ. केम्पनर रुग्णांना भात आणि फळं यांवर ठेवत. भात म्हटल्यावर आपल्या कोकणी माणसाला बरं वाटेल. पण त्यात मीठ नाही, आमटी नाही आणि मासळी तर नाहीच.

औषधाचा रस्ता आपल्याकडून निघाला. सर्पगंधेची मुळी वेडावर आणि झोपेसाठी देण्याची चाल आपल्याकडे जुनी होती. १९३१ मध्ये कोलकात्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी ती रक्तदाबावरही लागू पडते असं लिहिलं. पण जगाचं लक्ष गेलं ते मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या लेखामुळे. पन्नास रुग्णांना मुळीच्या गोळ्या देऊन आणि त्यांच्या दाबाच्या नोंदी ठेवून त्यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. मुळी जुनी आहे, आपल्या पूर्वजांना ठाऊक होती, एवढ्यावर ते थांबले नाहीत, त्यांनी मोजलं. माझ्या मते त्यांचं मोठेपण इथे आहे. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी या मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

तरी प्रश्न उरलाच. आकडा उतरला, पण माणूस वाचतो का? त्याचं उत्तर अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून मिळालं. डॉ. एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली १४३ पुरुष निवडले गेले. सर्वांचा खालचा आकडा ११५ ते १२९. निम्म्यांना तीन औषधं, आणि त्यांतलं एक आपल्या सर्पगंधेचं रेसरपिन. बाकीच्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या. १९६७ मध्ये निकाल छापून आला. नुसत्या गोळ्यांच्या गटात गंभीर घटना २७ आणि त्यांत मृत्यू चार. औषधाच्या गटात गंभीर घटना दोन आणि मृत्यू एकही नाही. दाब आवश्यक असतो ही समजूत तिथेच संपली.

रेसरपिन आता फारसं वापरात नाही. त्या काळच्या मोठ्या मात्रांनी काही रुग्ण खिन्न होत, आणि नंतर सोयीची औषधं आली. (मुळी आणून घरी उकळण्याचा मोह कुणाला होत असेल, तर तो टाळावा, मात्रा चुकते.)

त्या १९६७ च्या अभ्यासातली एक बारीक गोष्ट मला फार बोलकी वाटते. गट पाडण्याआधी सर्वांना काही दिवस नुसत्या गोळ्या दिल्या होत्या आणि त्यांत रिबोफ्लेविन हे जीवनसत्त्व मिसळलं होतं. ते लघवीत उतरतं आणि अतिनील प्रकाशात चमकतं. शिवाय भेटीच्या वेळी उरलेल्या गोळ्या मोजल्या जात. ज्याला कुठेच काही दुखत नाही, तो गोळी घेईलच असं नाही, हे त्या डॉक्टरांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.