दादाभाई नौरोजी यांचा ‘नैतिक निःसारणा’चा विचार आणि मानवी भांडवल

प्रस्तावना :
मनुष्याने संपादन केलेले कौशल्य हेही राष्ट्राचे भांडवल होय, हा विचार अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये मांडला. थिओडोर शुल्ट्झ यांचा १९६१ मधील लेख व गॅरी बेकर यांचा १९६४ मधील ग्रंथ यांनी त्यास ‘मानवी भांडवल’ सिद्धांताचे रूप दिले. या दोन टप्प्यांच्या दरम्यान दादाभाई नौरोजी यांनी ज्ञान व अनुभव यांचा राष्ट्रीय हानीच्या हिशेबात समावेश केला होता. प्रस्तुत लेखात त्याचा परामर्श घेतला आहे.

नैतिक निःसारण :
१८७६ मध्ये दादाभाईंनी भारतीयांचे दरडोई वार्षिक उत्पन्न अवघे २० रुपये असल्याचा अंदाज मांडला. हा आकडा सर्वपरिचित आहे. तथापि, १८८० च्या टिपणात त्यांनी दुसऱ्या हानीकडे लक्ष वेधले. प्रशासन, कायदा, विज्ञान इत्यादी क्षेत्रांतील वरिष्ठ पदांवर युरोपीय अधिकारी असत. भारतीयांच्या खर्चाने मिळविलेला अनुभव घेऊन ते निवृत्तीनंतर मायदेशी परतत. परिणामी, नव्या पिढीस मार्गदर्शन करणारी अनुभवी पिढी येथे घडतच नसे. संपत्तीबरोबर शहाणपणाचेही निःसारण होते, ते असे.

सनदी सेवेचे उदाहरण :
सनदी सेवेची स्पर्धा परीक्षा केवळ लंडन येथे होत असे. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर हे तीत यशस्वी होणारे पहिले भारतीय ठरले. १८७८ पासून कमाल वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणल्याने भारतीयांची वाट अधिकच अरुंद झाली. भारतातही एकाच वेळी परीक्षा घ्यावी, असा ठराव १८९३ मध्ये ब्रिटिश कॉमन्स सभेने संमत केला. प्रत्यक्षात मात्र १९२२ उजाडावे लागले. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठांतून पदवीधर बाहेर पडत होते, परंतु त्यांच्या विद्येला वाव नव्हता.

विवेचन :
शुल्ट्झ यांचा भर शिक्षण, आरोग्य आदींवरील गुंतवणुकीवर व तिच्या परताव्यावर आहे. दादाभाईंच्या विवेचनातून निराळा निष्कर्ष निघतो. विद्येस कामाची संधी मिळाली, तरच तिचे अनुभवात रूपांतर होते; आणि तो अनुभव समाजात राहून पुढील पिढीकडे गेला, तरच ते राष्ट्राचे भांडवल ठरते. अर्थात, या विचारास मर्यादा आहे. त्याचा रोख प्रामुख्याने सुशिक्षितांवर होता; विणकर, लोहार, सुतार यांच्या पिढीजात कौशल्याचे मोल त्यात पुरेसे आलेले नाही.

समारोप :
निःसारण सिद्धांत शिकविताना आपण रुपये व पौंड यांचे आकडे सांगतो आणि बहुधा तेथेच थांबतो. त्यामुळे दादाभाईंच्या विचाराचा अर्धा भाग विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत नाही. पदवी हाती असूनही कामाच्या प्रतीक्षेत असलेले विद्यार्थी ज्या वर्गात बसतात, त्या वर्गात हा उर्वरित भाग शिकविणे विशेष अगत्याचे आहे. न वापरलेली विद्या ही केवळ व्यक्तीची नव्हे, तर राष्ट्राचीही हानी असते, हे त्यातून स्पष्ट होते.