आयुष्यात एकदा तरी पाहावेत असे मराठी चित्रपट

मोहगाव, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यातील आपली मंडळी महाराष्ट्रातून इकडे येऊन स्थायिक झाली, असा बाहेरच्यांचा समज असतो. खरे म्हणजे आपण होतो तिथेच आहोत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून घरात मराठी आणि शाळेत हिंदी असा आपला प्रपंच चालू आहे. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यात सौंसरही आले, पण मुलांच्या शाळेत त्याने काही फरक पडला नाही. दोन्ही भाषांची लिपी एकच, म्हणून आपली मुले मराठी अक्षरे वाचू शकतात. पुस्तक मात्र हाती घेत नाहीत. 'ळ'चा 'ल' होतो आणि आजीशी दोन वाक्ये बोलून झाली की तिसरे वाक्य हिंदीत सुरू होते.

म्हणून मंडळात असे ठरले, की पुस्तक नाही तर नाही, निदान चित्रपट तरी दाखवू. आपल्याकडच्या चित्रपटगृहांत हिंदीच चित्रपट लागतात. मराठी पाहायचा तर पूर्वी नागपूर गाठावे लागे. आता मोबाइलवर पुष्कळ काही मिळते, पण काय पाहावे हे सांगणारे कोणी नसते. त्यासाठी ही टिपणे. आमचे आयुष्य बँकेत, खतावण्यांत गेले. आम्ही समीक्षक नाही. यादी आवडीची आहे आणि ती अपुरीही आहे.

सुरुवात कुठून करावी

मुलांबरोबर पाहायचे असेल तर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) पासून करावी. परेश मोकाशी यांचा हा चित्रपट दादासाहेब फाळक्यांवर आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्याआधीची सगळी धावपळ यात आहे. घरातले सामान विकणे, विलायतेला जाऊन यंत्र आणणे, तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडे नेसवणे, हे सारे हसत हसत सांगितले आहे. कुठेही रडगाणे नाही. नंदू माधव यांचे फाळके आणि विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई पाहताना वाटते, की भांडवल बुडाले तरी ज्याच्या घरात माणसे खंबीर आहेत त्याचे दिवाळे निघत नाही. भारतातर्फे ऑस्करसाठी हा चित्रपट पाठवला गेला होता.

त्यानंतर एकदम मागे, 'प्रभात'कडे जावे. मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' (१९३२) हा प्रभातचाच, पण एकच पाहायचा असेल तर 'संत तुकाराम' (१९३६). दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. विष्णुपंत पागनीस हे पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. त्यांचा तुकोबा पाहिल्यावर दुसरा तुकोबा डोळ्यांपुढे येत नाही. तरी आमच्या मते चित्रपट खरा आहे तो गौरीबाईंच्या आवलीचा. घरात दाणा नाही, पोर आजारी, आणि नवरा विठ्ठलापुढे बसलेला. ती देवालाच जाब विचारायला देवळात शिरते, तो प्रसंग आजही अंगावर येतो. भक्तीचा चित्रपट असून संसाराची बाजू इतक्या न्यायाने मांडलेला दुसरा आम्ही पाहिला नाही. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. यातला एक अभंग शांताराम आठवले यांनी लिहिलेला आहे. तो तुकोबांचाच असे कित्येक वर्षे अनेकांना वाटत होते. आमच्या घरीही भजनात तो तुकोबांचा म्हणूनच म्हणत.

व्ही. शांताराम यांचा 'कुंकू' (१९३७) मुलींना आवर्जून दाखवावा. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवर तो आहे. फसवून म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावलेली नीरा हे लग्न मानायलाच नकार देते. शांता आपटे यांनी ती नीरा अशी उभी केली आहे, की सुमारे नव्वद वर्षांपूर्वी हे पडद्यावर आले यावर विश्वास बसत नाही. म्हातारा नवरा केशवराव दाते यांनी केला आहे, आणि त्याचीही कीव यावी असा केला आहे. त्यांचाच 'शेजारी' (१९४१) हिंदू आणि मुसलमान अशा दोन जिवलग म्हाताऱ्यांचा आहे. गावाजवळ धरण व्हायचे असते, त्याच्या व्यवहारात मैत्री तुटते. मिर्झाचे काम गजानन जागीरदारांनी केले, जिवबाचे दात्यांनी. शेवटच्या धरणफुटीसाठी पाहणारे पुष्कळ. आम्ही त्या दोघांच्या बुद्धिबळासाठी पाहतो.

श्यामची आई आणि आपले मध्य प्रदेश

'श्यामची आई' (१९५३) सांगितल्याशिवाय कोणतीही मराठी यादी पुरी होत नाही, म्हणून काहींना ती घोकलेली गोष्ट वाटते. तरी पाहावा. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आचार्य अत्र्यांनी त्याचा चित्रपट केला. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले त्या पहिल्याच वर्षी, १९५४ मध्ये, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक याला मिळाले. आपल्या लोकांना फारशी माहीत नसलेली गोष्ट म्हणजे श्यामची आई झालेल्या वनमाला या ग्वाल्हेरच्या. साऱ्या महाराष्ट्राने जिला आई मानले ती बाई मध्य प्रदेशातली मराठी! हे सांगितल्यावर आमच्या नातवंडांनी चित्रपट जरा सरसावून पाहिला. श्याम झालेले माधव वझे पुढे नाट्यसमीक्षक म्हणून नावाजले.

यानंतर मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळायला अर्धे शतक लागले. तो 'श्वास'ला मिळाला (२००४, दिग्दर्शक संदीप सावंत). कोकणातला आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या इस्पितळात येतो. डोळ्याला कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. ऑपरेशनच्या आधी आजोबा मुलाला घेऊन बाहेर पडतो, दिसते आहे तोवर जग दाखवायला. अरुण नलावडे यांनी आजोबा केला आहे. औषधोपचारासाठी नागपूरला मुक्काम ठोकलेल्या आपल्याकडच्या कोणत्याही कुटुंबाला यातला इस्पितळाचा व्हरांडा ओळखीचा वाटेल.

तमाशा, सत्ता आणि डोंगर

'पिंजरा' (१९७२) सर्वांना गाण्यांमुळे ठाऊक आहे. राम कदमांचे संगीत आहेच तसे. पण गाणी ऐकून झाल्यावर एकदा डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर पाहण्यासाठी म्हणून बसा. जर्मन चित्रपट 'द ब्लू एंजल'वरून कथा घेतली आहे, पण ती अशी रुजवली की परकी वाटत नाही.

लागू आणि निळू फुले समोरासमोर पाहायचे तर 'सामना'. विजय तेंडुलकरांची पटकथा, डॉ. जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. साखर कारखान्याच्या जोरावर गाव मुठीत ठेवणारा हिंदुराव आणि कुठून तरी आलेला दारुडा मास्तर. मास्तर एकच प्रश्न विचारीत राहतो, मारुती कांबळेचे काय झाले. आपल्याकडे साखर कारखान्यांचे तसे राज्य नाही, पण हिंदुराव कोणत्या गावात नसतो? जब्बार पटेलांचाच 'सिंहासन' (१९७९) अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर आहे. राजकारणात रस असेल तर तोही. आमच्या पाहुण्यांपैकी एकाला तो आवडला, बाकीचे झोपले.

'जैत रे जैत' (१९७७) गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा. ठाकर समाजातला नाग्या आणि चिंधी, लिंगोबाचा डोंगर आणि त्यावरचे मधमाश्यांचे पोळे. स्मिता पाटील व मोहन आगाशे. ना. धों. महानोरांची गीते, हृदयनाथांचे संगीत, आणि कथाच गाण्यांतून पुढे सरकते. शेजारच्या छिंदवाड्यात एवढी गोंड वस्ती असून आपण त्यांच्याविषयी किती कमी जाणतो, हे त्या दिवशी आमच्या लक्षात आले.

आपल्या बोलीतला चित्रपट

सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) आम्ही या यादीत सर्वांत वर ठेवतो. विदर्भातील कापूस पिकवणारा किसना, त्याची बायको अलका, आई आणि पोरगा दिनू. शेजारच्या कास्तकाराने आत्महत्या केली आहे. आपला नवराही तसेच करील या धास्तीने अलका त्याच्यावर पाळत ठेवते. दिनूला त्याच्या मागे पाठवते, आवडीचे रांधून घालते. किसनाला कळतच नाही की घरात सगळे आपल्याशी एवढे गोड का वागताहेत. यात हसू येते आणि हसल्याची लाजही वाटते. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी आणि ज्योती सुभाष यांनी वऱ्हाडी ढंग चांगला सांभाळला आहे. नावातली शिवी आपल्याकडे समजावून सांगावी लागत नाही.

आमची काही वर्षे ग्रामीण शाखेत पीककर्जाच्या टेबलावर गेली. पऱ्हाटी वाळत असताना थकबाकीच्या नोटिसांवर आम्ही सह्या केल्या आहेत. नियमाने केल्या, चूक काही नव्हती. पण एका कास्तकाराची बायको नोटीस परत घेऊन आली होती आणि म्हणाली होती, "साहेब, हे त्याह्यच्या हातात नका देऊ, माह्या हातात देत जा." तेव्हा आम्हाला वाटले, बाई हिशेब लपवते आहे. अलकेला पाहिल्यावर त्या बाईचा अर्थ कळला. हा चित्रपट कर्ज देणाऱ्यांनी आधी पाहावा. शेवट आम्ही सांगत नाही.

ज्यावर वाद झाला तो

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) मंडळात दाखवायचा की नाही यावर दोन बैठका झाल्या. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. जब्या हा शाळकरी मुलगा वरच्या जातीतल्या शालूच्या प्रेमात आहे आणि त्याच्या घरच्यांना गावातली डुकरे धरावी लागतात. "जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या" असे काही सभासदांचे म्हणणे पडले. त्यांत आम्हीही होतो, हे लपवीत नाही. तरुण सभासदांनी हट्ट धरला आणि दाखवला. डुकरे धरण्याचा तो लांब प्रसंग चालू असताना, सारे गाव हसत पाहत असताना, आम्हाला आमच्या वर्गातला एक मुलगा आठवला. तो अगदी मागे, दाराशी बसत असे. त्याच्या घरचा धंदा आठवला, त्याचा सदरा आठवला, नाव आठवेना. अजून आठवलेले नाही. सोमनाथ अवघडेचा जब्या आणि किशोर कदमांचा बाप, दोघांनाही विसरता येत नाही. मंजुळे यांचा 'सैराट' (२०१६) मुलांनी आधीच पाहिलेला असतो. त्यांना 'फँड्री' दाखवा.

याच्या जोडीला चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४). लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर खटला चालतो, आरोप असा की त्यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने जीव दिला. शाहिराचे काम नागपूरचे वीरा साथीदार यांनी केले. ते व्यवसायाने नट नव्हते, चळवळीतले कार्यकर्ते होते. २०२१ साली गेले. चित्रपट संथ आहे. तारीख पडते, पुन्हा तारीख पडते. कोर्टकचेरी केलेल्यांना तो संथ वाटणार नाही. याला व्हेनिसमध्ये पुरस्कार आणि देशात सर्वोच्च सन्मान मिळाला.

हसण्यासाठी आणि म्हातारपणासाठी

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) न पाहिलेला मराठी माणूस आम्हाला अजून भेटायचा आहे. हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून घेतलेला, पण मूळ चित्रपट आता कितीजणांना आठवतो? वसंत सबनीसांचे संवाद, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन. मुलांच्या मराठीसाठी याच्याइतका उपयोगी शिक्षक नाही. आमच्या नातवाने शुद्ध 'ळ' यातूनच उचलला.

आमच्या वयाच्या मंडळींनी 'नटसम्राट' (२०१६) आणि 'अस्तु' हे दोन पाहावेत, पण एका आठवड्यात नकोत. कुसुमाग्रजांचे नाटक बहुतेकांना माहीत आहे. नाना पाटेकरांचा चित्रपट पाहून आमच्या एका मित्राने घर मुलांच्या नावे करण्याचा कागद पुढे ढकलला. 'अस्तु' सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा. स्मृती गेलेले संस्कृतचे प्राध्यापक हत्तीच्या मागे मागे निघून जातात आणि एक माहुताची बायको त्यांना लेकरासारखे सांभाळते. मोहन आगाशे प्राध्यापक, अमृता सुभाष ती बाई.

राहिला 'टिंग्या' (२००८, मंगेश हाडवळे). चितंग्या बैल जायबंदी होतो, बापाला दुसरा बैल घ्यायला पैसे हवेत, म्हणून तो कसायाला द्यायचा ठरतो आणि लहानगा टिंग्या ऐकत नाही. शरद गोयेकरला यासाठी बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हा पोळ्याच्या आठवड्यात दाखवावा अशी आमची सूचना आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार आणि घरोघर तान्हा पोळा असतो, तेव्हा कोणी येणार नाही; चार दिवस आधीची संध्याकाळ बरी. लहान मुलांना पुढच्या रांगेत बसवू नये, आयांजवळच बसवावे.