उच्छ्वास आणि जुन्या घरांतील पाण्याचा दाब

चांदवडच्या रंगमहालात पाण्याची सोय आवारातील बारवेची. पाणी शेंदूनच घ्यावयाचे. त्यामुळे नळ फुटण्याची धास्ती अहिल्याबाईंच्या (राज्यकाल १७६७–१७९५) कारभाऱ्यांना नव्हती. ती धास्ती पुण्यात होती. नानासाहेब पेशव्यांच्या काळी, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजचे पाणी उतारावरून शनिवारवाड्यापर्यंत आणले गेले, आणि वाटेत ठिकठिकाणी ‘उच्छ्वास’ बांधले गेले. औरंगाबादेस मलिक अंबराच्या नहरीवरही असे उंच खांब आहेत.

नावावरून उच्छ्वास हे केवळ हवा सोडण्याचे धुराडे समजण्याचा प्रघात आहे; तो आम्हांस अपुरा वाटतो. पाणी स्थिर असता दाब ठरतो तो उंचीवरून, नळाच्या जाडीवरून नव्हे: दर दहा मीटरांस चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम. जुन्या घरांचे सांधे रात्री, सर्व तोट्या मिटल्यावरच, पाझरू लागतात ते याचमुळे. (नळकारागीर मात्र बहुधा दोष सांध्याला देतो.) उघड्या हौदात पाणी आले की मागचा दाब तेथेच मोडतो, पुढचा त्या हौदाच्या पातळीपासून नव्याने मोजावयाचा. गाळ बसतो तो वेगळाच लाभ. आजच्या घरात मधल्या मजल्यावर तरंगत्या गोळ्याच्या तोटीची लहान टाकी बसविली, तर तीही हेच काम करते.