बुधवार ते बुधवार

बुधवार, 22 एप्रिल 2009. संध्याकाळ

मलेशियातून सिंगापुरात शिरताना लागणारा वुडलँड्स नाका. मलेशियाच्या पेराक राज्यातला, तमिळ घरातला विशीचा पोरगा, नागेंथ्रन धर्मलिंगम. अमली पदार्थविरोधी खात्याचे अधिकारी त्याला अडवतात. झडतीची वेळ येते तसा तो म्हणतो, मी सिक्युरिटीत कामाला आहे. झडती व्हायची ती होतेच. डाव्या मांडीला बांधलेलं पुडकं निघतं.

सिक्युरिटीत कामाला आहे, हे त्याचं वाक्य लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहे.

पुढचे तास

जबाब घेतला जातो. शेजारी वकील नाही. नंतर प्रयोगशाळेचा आकडा येतो: शुद्ध हेरॉइन 42.72 ग्रॅम. जेमतेम तीन मोठे चमचे. सिंगापूरच्या कायद्यात हद्द 15 ग्रॅमची. तिच्या वर गेलं की तेव्हा फाशी सक्तीची होती, न्यायाधीशाच्या हातात काही उरत नसे.

बचावाची खरी लढाई इथेच, या तासांत असते. तिथला कायदा म्हणतो, 2 ग्रॅमच्या वर हेरॉइन सापडलं की ते विक्रीसाठीच होतं असं धरा. माल ताब्यात असला की तो काय आहे हे त्याला ठाऊक होतं, हेही धरा. धरलेलं खोडायचं आरोपीनेच. नागेंथ्रनवर आरोप आयातीचा होता आणि त्यातही हे ‘ठाऊक होतं’चं ओझं त्याच्या डोक्यावर होतं. एरवी गुन्हा सरकारने शाबीत करायचा असतो. इथे आपल्या मनात काय नव्हतं ते आरोपीने दाखवायचं, आणि दाखवायला हातात काय, तर पकडल्यावर घाबरून दिलेला जबाब.

हे आपल्याला परकं नाही. आपल्या 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याची 35 आणि 54 ही कलमं असंच गृहीत धरतात. फरक असा, की 2020 मध्ये तोफान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की कलम 67 खाली तपास अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. पहिल्या काही तासांतल्या बोलण्यावर माणसाचा जन्म पणाला लागतो, हे न्यायालयाने ओळखलं.

नोव्हेंबर 2010

फाशीची शिक्षा. बचाव असा होता की एकाने धमकावलं, माल नेला नाहीस तर मैत्रिणीला मारीन म्हणाला. न्यायालयाला पटलं नाही. नंतर मानसोपचारतज्ज्ञांपुढे त्याची हकिगत बदलली, पैशांची नड पुढे आली. तो निर्दोष होता असं मी म्हणत नाही. माल त्याच्याच मांडीला होता. पण हकिगत बदलते म्हणजे माणूस धूर्तच, हे मला मान्य नाही. घाबरलेला, कमी समज असलेला माणूसही हकिगत बदलतो.

2011

जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: अमली पदार्थांच्या दुसऱ्या गुन्ह्यासाठी सक्तीची फाशी घटनेत बसत नाही, न्यायाधीशाला निवड हवी. मुंबईच्याच विशेष न्यायालयाने 2008 मध्ये चरसच्या खटल्यात एकाला तशी फाशी सुनावली होती. 2014 मध्ये संसदेने कायदाही त्याप्रमाणे बदलला.

जुलैमध्ये सिंगापूरच्या अपील न्यायालयाने नागेंथ्रनचं अपील फेटाळलं.

2013 ते 2019

एक फट उघडते. नव्या दुरुस्तीप्रमाणे आरोपी फक्त ने-आण करणारा असेल आणि मनोविकारामुळे त्याची जबाबदारी बरीच उणावली असेल, तर फाशीऐवजी जन्मठेप. नागेंथ्रनचा बुद्ध्यांक 69 भरला. बचावाने सगळं यावर लावलं.

मे 2019 मध्ये अपील न्यायालयाने नाही म्हटलं. बुद्धी सीमारेषेवरची आहे, पण आपण काय करतोय हे त्याला कळत होतं. कशावरून? एक दाखला नाक्यावरच्या त्या वाक्याचा: सिक्युरिटीत कामाला आहे, म्हणजे विश्वास बसावा म्हणून डोकं चालवलं. दारात पोलीस उभा राहिला की लहान मूलही असंच काहीतरी बोलतं. तेच वाक्य त्याच्या समजुतीचा पुरावा ठरलं.

26 ऑक्टोबर 2021. उरले 15 दिवस

घरी तुरुंगाचं पत्र: 10 नोव्हेंबरला फाशी. कोविडच्या निर्बंधांतून वाट काढत घरच्यांनी पोचायचं.

9 नोव्हेंबर 2021. उरली एक रात्र

न्यायालयात शेवटची धडपड चालू असताना खबर येते: कैद्याला कोविड झालाय. फाशी थांबते. 15 ग्रॅमच्या कायद्यापुढे वकील, डॉक्टर, बुद्ध्यांक कुणाचं चाललं नाही. चाललं ते तापाचं. पाच महिने मिळाले.

सोमवार, 25 एप्रिल 2022. उरले दोन दिवसही नाहीत

29 मार्चला शेवटचं अपील फेटाळलेलं, फाशी आता 27 एप्रिलला. आई पंचलाई आता स्वतःच अर्ज करते. सिंगापुरात हाँग लिम पार्कमध्ये शेकडो लोक मेणबत्त्या घेऊन जमतात.

मंगळवार, 26 एप्रिल. 24 तासांहून कमी

आई न्यायाधीशांपुढे उभी. वकील नाही. आधीच्या वकिलांवर खर्च बसवण्याची मागणी सरकारी पक्षाने केलेलीच होती. पुढच्याच महिन्यात न्यायालयाने त्यांना मिळून 20,000 सिंगापूर डॉलर भरायला लावले. अशा वेळी कोण पुढे येणार? ज्या कायद्यात बाजू मांडायचं ओझं आरोपीवर, तिथे अखेरच्या दिवशी त्याची बाजू मांडायला उरली मलेशियाच्या गावाकडची एक आई.

तिचा मुद्दा असा, की अपिलाच्या पीठावर बसलेले सरन्यायाधीश पूर्वी, याच खटल्याच्या काळात, ॲटर्नी जनरल होते. अर्ज फेटाळला जातो.

मग नागेंथ्रन विनंती करतो: घरच्यांजवळ थोडा वेळ द्या. न्यायालय देतं. मध्ये काचेचा पडदा, त्याला एक फट. त्या फटीतून तो हात घालतो, पलीकडून आई धरते, भावंडं धरतात. ‘मा’ अशी त्याची हाक न्यायालयभर ऐकू जाते. तुरुंगातल्या भेटीत असा स्पर्श मिळत नाही.

बुधवार, 27 एप्रिल 2022. पहाट

चांगी तुरुंग. फाशी झाल्याचं त्याच्या घरच्यांनीच बाहेरच्यांना सांगितलं. वुडलँड्सच्या नाक्यावरून तो आला त्याला 13 वर्षं आणि 5 दिवस झाले होते. त्याच दिवशी त्याला पेराकमधल्या इपोहला परत न्यायची तयारी सुरू झाली.