कारगिलनंतरची चार चक्रं



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आज लढाई संपल्यानंतर काय झालं त्याबद्दल बोलायचं आहे. निमित्त आहे आयटी कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या काही प्रेक्षकांच्या प्रश्नाचं. ते विचारतात, "सर, आमच्याकडे प्रोजेक्ट मॅनेजर असतो, बिझनेस अ‍ॅनालिस्ट असतो, बिझनेस इंटेलिजन्सची टीम असते. प्रत्येकाची आपापली लाइफसायकल असते, सगळे आपलं काम चोख करतात. तरी कंपनी बदलत नाही. लष्करात हे कसं जमतं?"

उत्तर असं, की लष्करातही ते सहजासहजी जमत नाही. कारगिल युद्धानंतरची वीस वर्षं हे त्याचं उत्तम उदाहरण आहे. त्यात ही सगळी चक्रं आपल्याला वेगवेगळी फिरताना दिसतात.

आधी चक्रं समजून घेऊ. प्रोजेक्टचं चक्र सगळ्यांत सोपं. सुरुवात, नियोजन, अंमलबजावणी, देखरेख आणि समारोप. त्याला शेवटची तारीख असते. बिझनेस अ‍ॅनालिसिस म्हणजे दुखणं नेमकं कुठे आहे ते शोधणं, संबंधितांशी बोलणं, गरजा लिहून काढणं, उपाय सुचवणं आणि नंतर तो लागू पडला का ते तपासणं. बिझनेस इंटेलिजन्स हा शब्द आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये एका लेखात वापरला. संस्थेतल्या योग्य माणसापर्यंत योग्य माहिती आपोआप पोचावी, ही त्यांची कल्पना. आम्ही फौजी लोक यालाच गुप्तवार्तेचं चक्र म्हणतो : काय हवं ते ठरवा, माहिती गोळा करा, चाळा, अर्थ लावा, वेळेत पोचवा, आणि तिथून आलेला नवा प्रश्न घेऊन पुन्हा सुरू करा. हे चक्र थांबत नाही.

चौथं चक्र संस्थेच्या बदलाचं. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४७ मध्ये त्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या : गोठलेलं वितळवा, नव्या जागी न्या, पुन्हा घट्ट होऊ द्या. वाचायला हे सोपं वाटतं, पण सगळ्यांत जास्त वेळ याच चक्राला लागतो.

आता कारगिल. मे १९९९ च्या सुरुवातीला बटालिक भागातल्या स्थानिक मेंढपाळांनी डोंगरावर अनोळखी माणसं पाहिल्याची खबर दिली. तोवर मुश्कोह, द्रास, काकसर, बटालिक या पट्ट्यातल्या उंच जागांवर घुसखोर ठाण मांडून बसले होते. श्रीनगर-लेह रस्ता त्यांच्या माऱ्यात होता. २६ जुलैला मोहीम संपली तेव्हा अधिकृत आकड्यानुसार आपले ५२७ जवान आणि अधिकारी कामी आले होते.

मोहीम संपल्यावर अवघ्या तीन दिवसांत, २९ जुलै १९९९ ला, सरकारने कारगिल आढावा समिती नेमली. अध्यक्ष के. सुब्रह्मण्यम. सोबत लेफ्टनंट जनरल के. के. हजारी, पत्रकार बी. जी. वर्गीज आणि सदस्य-सचिव सतीश चंद्र. काम दोन ओळींत दिलेलं : घुसखोरीपर्यंतच्या घटनांचा आढावा घ्या आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून उपाय सुचवा. डिसेंबरच्या मध्यावर अहवाल तयार झाला, आणि २३ फेब्रुवारी २००० ला, सुरक्षेच्या कारणाने काही भाग वगळून, तो संसदेत मांडला गेला.

याचं महत्त्व कळायला मागे जावं लागेल. १९६२ च्या पराभवानंतर लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेम भगत यांनी चौकशी केली होती. तेव्हाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये तिचे ठळक निष्कर्ष संसदेला सांगितले, पण मूळ अहवाल सरकारने आजवर खुला केलेला नाही. चव्हाणांच्या काळात बांधणी मोठी झाली. सैन्याची संख्या सव्वाआठ लाखांपर्यंत न्यायचं ठरलं, दहा पर्वतीय डिव्हिजन उभ्या करायचं ठरलं. प्रोजेक्ट म्हणून ते काम खणखणीत होतं. पण तिन्ही दलांनी एकत्र विचार कसा करायचा, हा प्रश्न तसाच राहिला. १९६२ मध्ये हवाई दलाची लढाऊ विमानं वापरलीच गेली नव्हती. हा दोष फक्त नव्या डिव्हिजन उभारून जाणारा नव्हता.

सुब्रह्मण्यम समितीने दुखणं नेमकं पकडलं. त्यांनी नोंदवलं, की लॉर्ड इस्मे यांनी आखलेली आणि माउंटबॅटन यांनी शिफारस केलेली उच्च संरक्षण रचना बावन्न वर्षांत फारशी बदललेलीच नाही. आणि गुप्तवार्तेबद्दलचं एक उदाहरण तर प्रत्येक डेटा टीमने भिंतीवर लावावं असं आहे. जून १९९८ मध्ये इंटेलिजन्स ब्युरोने नियंत्रण रेषेपलीकडच्या हालचालींबद्दल वर कळवलं. ते पंतप्रधान, गृहमंत्री, कॅबिनेट सचिव, गृहसचिव आणि लष्करी मोहिमांचे महासंचालक यांच्याकडे गेलं. पण ज्या तिघांचं कामच अशा माहितीची सांगड घालणं होतं, ते रॉचे सचिव, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्तेचे महासंचालक, यांच्या नावे ते पत्र नव्हतं.

म्हणजे काही माहिती गोळा झालेली होती. ती पोचवण्याची साखळी तुटलेली होती. चक्रातली एक पायरी चुकली की बाकीच्या पायऱ्यांची मेहनत वाया जाते. कंपनीत अशाने तिमाहीचा नफा बुडतो. कारगिलमध्ये तोलोलिंगच्या चढावर पोरं गेली.

समितीने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. आपल्या कक्षेची मर्यादा ओळखून, राष्ट्रीय सुरक्षेच्या संपूर्ण रचनेचा वेगळा आढावा घ्या असं सांगितलं. त्यातून एप्रिल २००० मध्ये लालकृष्ण अडवाणी यांच्या अध्यक्षतेखाली मंत्रिगट नेमला गेला आणि त्याने चार कार्यदलं नेमली. गुप्तवार्ता गिरीश चंद्र सक्सेना यांच्याकडे, अंतर्गत सुरक्षा एन. एन. व्होरा यांच्याकडे, सीमा व्यवस्थापन आपले माधव गोडबोले यांच्याकडे आणि संरक्षण व्यवस्थापन अरुण सिंह यांच्याकडे. फेब्रुवारी २००१ मध्ये मंत्रिगटाचा अहवाल आला. मे २००१ मध्ये मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीने त्याच्या शिफारशी मंजूर केल्या. एक सोडून.

इथवर सगळं वेगाने झालं. युद्ध संपल्यापासून दोन वर्षांच्या आत विश्लेषण पूर्ण आणि मंजुरी हातात. प्रोजेक्टही झपाट्याने झाले. ऑक्टोबर २००१ मध्ये एकात्मिक संरक्षण स्टाफचं मुख्यालय उभं राहिलं. अंदमान-निकोबारला तिन्ही दलांची पहिली संयुक्त कमांड आली. २००२ मध्ये संरक्षण गुप्तवार्ता संस्था, २००३ मध्ये स्ट्रॅटेजिक फोर्सेस कमांड, २००४ मध्ये तांत्रिक गुप्तवार्तेसाठी एनटीआरओ. प्रोजेक्ट मॅनेजरच्या तक्त्यात सगळीकडे हिरवी खूण.

राहिलेली एक शिफारस म्हणजे चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ. राजकीय पक्षांशी चर्चा करून नंतर ठरवू, असं सांगून ती बाजूला ठेवली गेली. आता गंमत बघा. एकात्मिक स्टाफचं मुख्यालय ज्याच्या हाताखाली चालायचं होतं, तो माणूसच नव्हता. कचेरी झाली, टेबलं आली, अधिकारी रुजू झाले, पण सगळ्यांत वरची खुर्ची रिकामी.

दुसरी गोष्ट पाटीची. तिन्ही दलांची मुख्यालयं संरक्षण मंत्रालयाची फक्त 'संलग्न कार्यालयं' होती. त्यांना मंत्रालयात सामावून घ्यायचं ठरलं, म्हणून त्यांचं नाव बदलून 'संरक्षण मंत्रालयाचं एकात्मिक मुख्यालय' केलं गेलं. नावापुढे कंसात लष्कर, नौदल किंवा हवाई दल. लेटरहेड नवे छापले गेले. निर्णयाचे अधिकार मात्र फारसे हलले नाहीत आणि फायलीचा प्रवास जवळपास तोच राहिला.

असं का होतं? माझ्या नोकरीत संयुक्त प्रशिक्षणाच्या वेळी मी जे पाहिलं त्यावरून सांगतो. तिन्ही दलांचे अधिकारी एकमेकांचे चांगले मित्र असायचे, रात्री मेसमध्ये एकत्र जेवायचे. पण बढतीचा निर्णय ज्याच्या त्याच्या दलात व्हायचा. माणूस ज्याच्या हाताने बढती मिळते त्याच्याकडे बघतो. यात कुणाचा वाईटपणा नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. विश्लेषण सांगतं काय हवं. प्रोजेक्ट ते बांधून देतो. गुप्तवार्ता सांगते ते चालतंय की नाही. पण बदल विचारतो, 'आपल्या हातातलं काय सोडणार?' हा प्रश्न कुठल्याही तक्त्यात बसत नाही, म्हणून तो मागे पडतो.

त्या मागे पडण्याची किंमत मुंबईने मोजली. गुप्तवार्ता संस्थांनी एकमेकांना माहिती द्यावी म्हणून मल्टी एजन्सी सेंटर २००१ मध्येच स्थापन झालं होतं. रचना होती, पण सवय नव्हती. २६ नोव्हेंबर २००८ ला समुद्रातून हल्ला झाला. नंतर कळलं, की समुद्रमार्गे हल्ल्याच्या आणि मुंबईतल्या लक्ष्यांच्या सूचना तुकड्यातुकड्यांत आधीच आलेल्या होत्या. दहा वर्षांपूर्वीचीच गोष्ट, फक्त डोंगराच्या जागी समुद्र. त्यानंतर ३१ डिसेंबर २००८ च्या आदेशाने हे केंद्र नव्याने बांधलं गेलं आणि चोवीस तास चालू लागलं.

राहिलेली शिफारस पुन्हा पुन्हा वर येत राहिली. २०१२ च्या नरेश चंद्र कार्यदलाने तिन्ही दलप्रमुखांच्या समितीला कायमचा अध्यक्ष द्या असं सुचवलं. २०१६ मध्ये लेफ्टनंट जनरल द. ब. शेकटकर यांच्या समितीनेही या विषयाला हात घातला. शेवटी १५ ऑगस्ट २०१९ ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली आणि १ जानेवारी २०२० ला जनरल बिपिन रावत पहिले चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ झाले. सोबत लष्करी व्यवहार विभाग आला. तिन्ही मुख्यालयं त्या विभागाखाली आली आणि त्याचा सचिव गणवेशातला अधिकारी. पाटीवर जे आधीच लिहिलं होतं, ते आता कुठे कामकाजात उतरायला लागलं.

अहवाल मंजूर होण्यापासून या खुर्चीपर्यंत अठरा वर्षांहून अधिक काळ गेला. आणि तरी चक्र पूर्ण झालं असं मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जनरल रावत हेलिकॉप्टर अपघातात गेले आणि नवी नेमणूक व्हायला सप्टेंबर २०२२ उजाडला. म्हणजे नवं पद अजून व्यक्तीवर अवलंबून होतं, मुरलेलं नव्हतं. तिन्ही दलांच्या माणसांवर एकाच संयुक्त कमांडरला शिस्तीचे अधिकार देणारा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. कारगिलला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. माझ्या मते हा कायदा कुठल्याही नव्या इमारतीपेक्षा मोठा आहे, कारण तो सवयीच्या मुळाशी जातो.

काहीजण म्हणतात, एवढा उशीर म्हणजे निव्वळ नाकर्तेपणा. मला ते पूर्ण पटत नाही. लोकशाहीत सैन्याची रचना घाईने बदलू नये. हवाई दलाच्या शंका होत्या, मंत्रालयाच्या होत्या, त्यांना ऐकून घेणं गरजेचंच होतं. पण ऐकून घेणं वेगळं आणि विषय कपाटात ठेवणं वेगळं. अठरापैकी बरीच वर्षं कपाटात गेली.

तेव्हा तुमच्या कंपनीत, सहकारी बँकेत, शाळेत किंवा गृहनिर्माण संस्थेत पुढच्या वेळी बदलाची बैठक होईल, तेव्हा चार प्रश्न वेगवेगळे विचारा. दुखणं नेमकं कुठे आहे हे कुणी लिहून काढलंय का? बांधणीची तारीख आणि जबाबदार माणूस ठरलाय का? ते चालतंय की नाही ही खबर योग्य टेबलावर पोचतेय का? आणि शेवटचा : या बदलात कोण काय सोडणार आहे, आणि तो त्याला तयार आहे का? पहिल्या तिन्हींची उत्तरं मिळाली आणि चौथ्याला सगळे गप्प बसले, तर समजा, फक्त पाटी बदलणार आहे.

प्रोजेक्ट बंद करायला सही पुरते. बदल पूर्ण झाला हे मात्र तेव्हाच कळतं, जेव्हा एखादा तरुण अधिकारी कुणी न सांगता शेजारच्या दलातल्या माणसाला फोन उचलून खबर देतो. तो एक फोन वेळेत जावा, एवढ्यासाठीच ही सगळी खटपट आहे.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.