समुद्री मत्स्यालयाचा ‘संप’

तासगाव हे द्राक्षांचे आणि बेदाण्याचे गाव. येथून रत्नागिरीचा किनारा रस्त्याने सुमारे दोनशे किलोमीटर. अशा गावी दिवाणखान्यात समुद्र मांडायचा, तर मुख्य टाकीइतकेच लक्ष तिच्याखालच्या कपाटात दडलेल्या दुसऱ्या टाकीकडे द्यावे लागते. तिला ‘संप’ म्हणतात. हे नाव ऐकून कामगारांचा संप आठवला तर तेही रास्तच. कारण या टाकीची खरी परीक्षा पंपाने काम थांबवल्यावर होते.

रचना सोपी आहे. वरच्या टाकीच्या काठाशी असलेल्या सांडव्यावरून पाणी नळीवाटे खाली येते, संपाच्या कप्प्यांतून फिरते आणि पंपाने पुन्हा वर चढते. कप्पे काचेच्या पडद्या उभारून केलेले असतात. पहिल्यात प्रोटीन स्किमर बसतो. तो पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुडे सोडतो. विष्ठा व उरलेले अन्न यांपासून पाण्यात मिसळलेली सेंद्रिय द्रव्ये बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वरच्या पेल्यात जमतात. स्किमरला स्थिर पातळी लागते, म्हणून त्याच्या कप्प्याची पडदी यंत्राच्या माहितीपत्रकात दिलेल्या उंचीचीच ठेवावी. मधल्या कप्प्यात समुद्री शेवाळ वाढवतात. वरचा दिवा मालवल्यावर येथील दिवा लावला, की रात्री पाण्यात साठणारा कार्बन डायऑक्साइड हे शेवाळ वापरते. शेवटच्या कप्प्यात पंप. बाष्पीभवनाने होणारी घट याच कप्प्यात दिसते. पाणी उडते, मीठ मागे राहते. तेव्हा भर नेहमी आरओच्या गोड्या पाण्याची घालावी. उन्हाळ्यात ही भर रोजच घालावी लागते.

आता आकाराचा प्रश्न. मुख्य टाकी आतून १२० सेंटिमीटर लांब व ४५ रुंद असेल, तर एक सेंटिमीटर उंचीच्या थरात ५.४ लिटर पाणी असते. वीज गेली की सांडव्याच्या काठावरचे तीनेक सेंटिमीटर पाणी, म्हणजे सुमारे १६ लिटर, खाली उतरते. नळ्यांतले पाच धरले तर २१. संप ९० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरचा व त्यात सरासरी २५ सेंटिमीटर पाणी असेल, तर पातळी जेमतेम सहा सेंटिमीटर वाढेल. पण पंपाकडून वर जाणाऱ्या नळीचे तोंड मुख्य टाकीत १५ सेंटिमीटर खोल बुडवलेले असेल, तर तीच नळी उलटी वाहू लागते आणि ८१ लिटर पाणी खाली ओढते. मग संप भरून तीस लिटरांहून अधिक खारे पाणी फरशीवर येते. उपाय साधा : नळीचे तोंड पृष्ठभागालगत ठेवावे आणि पाण्याच्या रेषेखाली लगेच एक लहान छिद्र पाडावे. पातळी उतरून छिद्र उघडे पडले, की नळीत हवा शिरते व ओढ तुटते. छिद्र शेवाळाने बुजते, ते दर आठवड्याला साफ करावे. नॉन रिटर्न व्हॉल्व्हवर एकट्यावर भिस्त ठेवू नये. एखादा वाळूचा कणही त्याला अडवतो.

ठिबक सिंचनामुळे पीव्हीसीची एल्बो, युनियन, टँक कनेक्टर ही सामग्री तासगावात सहज मिळते. पितळी कॉक मात्र घेऊ नयेत. त्याहून मोठा धोका बागेतल्या जुन्या बादल्यांचा व पंपांचा. द्राक्षावर फवारण्याचे बोर्डो मिश्रण मोरचुदापासून होते, आणि मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. कोळंबी, शंख व प्रवाळ यांना तांब्याचा अंशही घातक असतो. बागेत वापरलेले एकही भांडे या पाण्याला लावू नये. टाकीतून काढलेले खारे पाणीही बागेत ओतू नये.

परदेशी पुस्तकांतील चित्रे पाहून संपात ‘जिवंत खडक’ व वर प्रवाळ ठेवण्याचा मोह होतो. आपल्याकडे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्री पंखे यांना २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले. मालवणचे प्रवाळ तर १९८७ पासून सागरी अभयारण्यातच आहेत. सहलीहून परतताना तिथला एखादा तुकडा पिशवीत घालणे ही हौस नव्हे, गुन्हा आहे. जिवाणूंच्या वाढीसाठी सच्छिद्र सिरॅमिक दगड पुरेसे आहेत. मासेही पाळीव प्रजननातले घ्यावेत. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशचे प्रजननतंत्र विकसित केलेले आहे.

काच आठ मिलिमीटरची घ्यावी. सिलिकॉन बुरशीनाशक मिसळलेले नसावे. न्हाणीघरासाठीचे बहुधा तसे असते. ते वाळल्यावर संप दोन दिवस अंगणात भरून ठेवावा. नंतर सर्व जोडणी करून साध्या पाण्यावर पंप चालवावा आणि वीज गेल्यासारखा अचानक बंद करावा. पाणी उतरणे थांबले, की संपातील पातळी पाहावी. काठापर्यंत चार बोटे जागा उरली नसेल, तर थोडे पाणी काढून पुन्हा करून पाहावे. ते जमल्यावर पंप चालू असतानाची शेवटच्या कप्प्यातील पातळी काचेवर रंगाने आखावी. त्या रेषेच्या वर पाणी कधीही भरू नये.