घोरणाऱ्याची झोंप

घोरणें हा शब्द उच्चारतांच पुष्कळ श्रोत्यांच्या मुखावर स्मित उमटलें असेल. घोरणाऱ्याला कुंभकर्ण म्हणावयाचें, "काय गाढ झोंप ही!" असें म्हणून कूस बदलावयाची, एवढ्यावर हा विषय आपल्या घरीं संपतो. घोरणें ही गाढ झोंपेची खूण, हा समज शतकानुशतकें नांदला. तो कसा मोडला, ही हकीकत मोठी बोधप्रद आहे.

प्रथम ही क्रिया पाहूं. झोंप लागली कीं घशाचे स्नायु सैल पडतात व श्वासाची वाट अरुंद होते. त्या वाटेनें हवा जातांना टाळूचा मागचा मऊ भाग आणि पडजीभ थरथरतात. तोच घोरण्याचा आवाज. लठ्ठपणा, चोंदलेलें नाक, घशांतील वाढलेल्या गांठी, मद्यपान, उताणें निजणें यांनीं वाट अधिकच आंखडते. वाट अरुंद झाली तर आवाज होतो. ती पुरती मिटली तर आवाजहि थांबतो आणि श्वासहि. खरा धोका आहे तो या शांततेंत.

चार्ल्स डिकन्सनें 'पिक्विक पेपर्स' (१८३६-३७) या कादंबरींत जो नांवाचा एक लठ्ठ पोरगा रंगविला आहे. तो कामांतहि झोंपतो आणि घोरतो. वाचक त्यावर हंसले, आणि पुढें शंभरांहून अधिक वर्षें हंसतच राहिले. १९५६ सालीं बर्वेल प्रभृति अमेरिकन डॉक्टरांनीं एका स्थूल गृहस्थाची हकीकत प्रसिद्ध केली. पत्त्यांच्या डावांत उत्तम पानें हातीं आलीं असतांनाहि हा गृहस्थ झोंपीं गेला होता! डॉक्टरांनीं या विकारास पिक्विकचेंच नांव दिलें. परंतु त्याची झोंप कशी असते, हें तेव्हां कोणीं रात्रभर जागून पाहिलें नव्हतें.

तें काम १९६५ सालीं झालें. फ्रान्समधील मार्सेय येथें गास्तो व त्यांचे सहकारी यांनीं अशा रोग्यांच्या श्वासाची आणि मेंदूची रात्रभर यंत्रानें नोंद घेतली. जर्मनींत युंग व कूलो यांनींहि त्याच वर्षीं अशा नोंदी प्रसिद्ध केल्या. घसा मिटे, श्वास थांबे, मेंदू क्षणभर जागा होई, मोठ्यानें घोरून श्वास सुरू होई, आणि पुन्हा तेंच. गाढ वाटणारी झोंप वस्तुतः पदोपदीं तुटलेली होती! ती दिवसा अवेळीं वसूल होत असे. रक्तांतील प्राणवायु वारंवार उतरल्यानें रक्तदाब वाढतो; हृदयविकार व पक्षाघात यांचें भय वाढतें.

पूर्वीं यावर घशास बाहेरून छिद्र पाडणें हाच खात्रीचा उपाय होता. १९८१ सालीं सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनीं नाकावाटे मंद दाबाची हवा सोडून घसा उघडा ठेवण्याची युक्ति प्रसिद्ध केली. तोच आज मुख्य उपचार आहे.

हा विकार परदेशापुरताच नाहीं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांत डॉ. झरीर उदवाडिया व सहकारी यांनीं नेहमींच्या आरोग्यतपासणीस आलेल्या ३५ ते ६५ वर्षांच्या पुरुषांची पाहणी करून २००४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेंकडा १९.५ जणांचा श्वास झोंपेंत अडखळतो आणि शेंकडा ७.५ जणांना त्यासह दिवसा झोंप आवरत नाहीं, असा त्यांचा अंदाज आहे.

हा आंकडा घेऊन कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीकडे पहावें. रातपाळीच्या कामगाराला झोंप आधींच अपुरी. तींतहि श्वास अडखळला तर त्याच्या वांट्यास उरतें काय? समोर फिरतें यंत्र, घरीं परततांना पुणें-बंगळूरचा हमरस्ता, आणि डुलकी एका क्षणाची! अशा माणसास आपण चटकन् आळशी ठरवितों. कदाचित् तो आळशी नसेल, आजारी असेल.

घोरणारा प्रत्येक जण रोगी नव्हे, हेंहि खरें. भेद ओळखावयाचा कसा? घोरणें मध्येंच थांबतें काय, मग गुदमरल्यासारखा श्वास येतो काय, दिवसा पेंग येते काय, एवढें पहावें. आणि तसें आढळल्यास वैद्यास दाखवावें. झोंपलेल्याला यांतलें बहुतेक कांहींच ठाऊक नसतें. साक्ष द्यावयाची ती शेजारीं जागणाऱ्या माणसानें. तिनें पुढच्या खेपेस हंसून कूस बदलूं नये. घटकाभर कान देऊन ऐकावें.